पाच घरांची अंबक्का

माणिकराव गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी चहा टाकला आणि मग हळहळले. बंगळूरच्या आमच्या समाजाच्या भवानी मंदिराचे ते कित्येक वर्षं अध्यक्ष होते. आता त्यांची स्मरणिका निघते आहे. कमिटीवरच्या एका गृहस्थांनी फोन करून मला गळ घातली, "तुम्ही मल्लेश्वरमला त्यांच्या शेजारी राहत होता. माणिकअण्णांनी आजारी बहिणीला जन्मभर सांभाळलं, त्यावर काहीतरी लिहून द्या."

देते म्हटलं. हे ते लिखाण. ते छापणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण डूख धरणं हा माझा जुना स्वभाव आहे आणि या वयात तो बदलायचा माझा विचार नाही. शिवाय माणिकरावांवर लिहायचं तर अंबक्कावर लिहिल्याशिवाय सुटका नाही, आणि एकदा अंबक्का आली की माणिकरावांना कोपऱ्यातच उभं राहावं लागतं.

अंबक्का त्यांची थोरली बहीण. उंच, हाडापेराने मोठी, अंगावर स्वच्छ इरकली लुगडं आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लग्न व्हायच्या आधीच, पंचविशीत, ती आजारी पडली आणि मग ते झालंच नाही. यशवंतपूरच्या एका कारखान्यात ती टायपिस्ट होती. टाइप करता करता थांबायची आणि वर पंख्याकडे बघून म्हणायची, "एकेकजण बोला बाबा." पंख्यात तीन पुरुष बसलेले असायचे. आता कागद उचलला, आता पदर सावरला, आता चुकली, असे तिच्या प्रत्येक हालचालीवर ते शेरे मारायचे. तिने त्यांचं नाव ठेवलं होतं 'कमिटी'. नोकरी गेली, कमिटी घरी आली. डॉक्टरांनी सांगितलेला स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या गल्लीत कोणाच्या जिभेवर बसला नाही. 'तले सरी इल्ला', डोकं ठिकाणावर नाही, एवढ्यावर सगळ्यांनी भागवलं.

मी तिला नीट ओळखायला लागले तोवर ती चाळिशी ओलांडलेली होती आणि भावाच्या घरामागच्या अंगणातल्या एका खोलीत राहत होती. मी नुकती बँकेत लागले होते. मधे एक बुटकी भिंत, भिंतीच्या अलीकडे आम्ही. खोलीत तिची चूल, तिची ट्रंक आणि कोनाड्यात देवी. देवी म्हणजे तळहातावर मावेल एवढा चांदीचा टाक, तिच्या आजीच्या वेळचा. अंबक्काचा सगळा दिवस त्या टाकाला बांधलेला होता.

सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न तिला खरोखर पडायचा. आपल्याला पडतो तसा कंटाळ्याने नव्हे. स्वतःसाठी उठायचं असतं तर ती दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली असती. तसे तिचे दिवस मी पाहिले आहेत. पण देवीला पारोसं ठेवायचं नाही आणि पारोशा हाताने देवीला शिवायचं नाही, म्हणून ती उठायची, पाणी तापवायची, न्हायची. देवीला नैवेद्य लागतो म्हणून रांधायची. नैवेद्य टाकायचा नसतो म्हणून जेवायची. आणि नैवेद्याच्या ताटात मिठाशेजारी, लोणच्याच्या जागी, तिच्या गोळ्या असायच्या. देवीला दाखवल्या की त्या प्रसाद. प्रसाद कोणी नाकारतं का?

सरकारी हॉस्पिटलातले तिचे डॉक्टर म्हातारे आणि शहाणे होते. एकदा माझ्या आईबरोबर ती तपासायला गेली तेव्हा आईने विचारलं, हे देवाचं खूळ आजारातलंच का? ते कन्नडमध्ये म्हणाले, "थोडं असेलही. पण त्याच्यावर तिचा संसार चाललाय, आम्मा. पूजा बंद करू नका, गोळी बंद करू नका. एक पडलं तर दुसरं घेऊन पडेल." आईने हे वाक्य घरी येऊन माणिकरावांना तसंच्या तसं सांगितलं होतं. मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडी दुसरंच घातलं.

तिच्या भक्तीचं सगळंच गोड होतं असं नाही. एका नवरात्रात कमिटीने तिला पटवलं की गोळीने उपास मोडतो. नऊ दिवस तिने गोळ्या ट्रंकेत टाकल्या आणि दसऱ्याला ती भर रस्त्यात हात आडवे करून बस थांबवत उभी राहिली, देवी कुठल्या तरी बसमध्ये बसून निघून गेली म्हणून. लोक हसत होते. आईने तिला हाताला धरून आणलं. पुढच्या वर्षी घटस्थापनेआधीच आईने मंदिराच्या पुजाऱ्यांना तिच्यासमोर उभं केलं आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं, औषधाला उपास नाही. अंबक्काने ते ऐकलं, पंख्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंत?" आणि विषय संपला.

तिला येणारे आवाज देवीचे आहेत, असं लोकांना फार वाटायचं. तिला तसं कधीच वाटलं नाही. मागच्या क्रॉसवरच्या, म्हणजे मागच्या आडगल्लीतल्या, एक बाई एकदा ओटीचं सामान घेऊन आल्या. "अक्का, माझ्या मुलाचं काय होईल, देवीला विचारा की."

"देवी बोलत नाही."

"मग तुम्हाला ऐकू येतं ते कोण?"

"ते कमिटीवाले. त्यांना विचारू? ते म्हणतायत, बाईंच्या साडीचा फॉल सुटलाय."

बाईंनी खाली पाहिलं. फॉल खरंच सुटला होता. झालं, अंबक्काची कीर्ती चारी क्रॉसमध्ये पसरली. गोळ्यांनी तिचे हात थरथरायचे, तर त्यालाही लोक अंगात येणं समजू लागले. कोणी पाया पडायला वाकलं की ती हात मागे घ्यायची. "हा गोळीचा कंप हाये. देवीचा नव्हं." आणि मला एकदा भिंतीवरून म्हणाली, "शालू, बोलतात ते सगळे खोटे. ती बोलत नाही. नुसती बघती. म्हणून ती खरी."

'ती बघती' हे तिचं कायमचं वाक्य. दूधवाल्याने पाणी घातलं, ती बघती. पोरांनी खडा मारला, ती बघती. यात धमकी होती आणि ती धमकी अंबक्काला मनापासून आवडायची. लोक तिला भोळी समजत. भोळीबिळी काही नव्हती. कोणी काय केलं ते तिच्या पक्कं लक्षात असायचं आणि देवीच्याही राहील याची ती रोज सांजवातीला सोय करायची.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती जोगवा मागायची. पुण्याकडच्यांना जोगवा सांगायला नको, पण आमच्या बंगळूरच्या जुन्या घरांतून तो जरा जास्तच काटेकोर पाळतात. न्हाऊनमाखून, हातात वेताची परडी घेऊन, पाच घरांच्या दारात "अंबाबाईचा जोगवा" म्हणायचं. घरातल्याने बाहेर यायचं, मागणारीला हळदकुंकू लावायचं, मूठभर पीठ परडीत घालायचं आणि वाकून नमस्कार करायचा. त्या घटकेला मागणारी ही देवीची बाई असते. त्या दोन दिवशी अंबक्का त्याच पिठाची भाकरी करायची, तोच नैवेद्य, आणि त्याच ताटात गोळ्या. पाच दारांत पाच बायका तिच्याशी बोलायच्या. "ऊटा झालं का अक्का, जेवलात?" "स्वल्प बसा की." सगळ्या आठवड्यात माणसांशी तिचं एवढंच बोलणं व्हायचं, पण ते व्हायचं.

तिचा नियम कडक होता. एकदा एक घर गावाला गेलं होतं आणि आई म्हणाली, मी दुप्पट घालते. अंबक्काने परडी मागे ओढली. "एका घरचं पीठ म्हणजे भीक. पाच घरचं म्हणजे जोगवा. बेडा, नको." आणि उरलेलं घर शोधत ती भर उन्हात चालत गेली.

हे सगळं माणिकरावांना माहीत होतं. म्हणूनच मी त्यांना क्षमा करत नाही.

त्यांच्या मुलीचं, रेखाचं, लग्न जमत होतं. मुलगा पुण्याचा, इथे सॉफ्टवेअर कंपनीत. तेव्हा असे जावई नुकतेच बंगळूरला यायला लागले होते आणि जुन्या घरांत त्यांच्यासाठी झुंबड होती. बघायला येणाऱ्यांच्या वाटेत परडी घेतलेली आत्या नको, असं माणिकरावांच्या मनाने घेतलं. बोलणीत त्यांनी आपल्याला बहीण होती, ती वारली, असं सांगून टाकलं. आता वारलेल्या बाईने आठवड्यातून दोनदा गल्लीत फिरणं बरं दिसत नाही.

त्यांनी बहिणीला एका शब्दाने अडवलं नाही. अध्यक्ष होते ना. ते जोगव्याच्या घरांत गेले आणि हात जोडून म्हणाले, "डॉक्टरांनीच सांगितलंय, ही सवय मोडायला हवी. अक्का आली की पुढं व्हा म्हणा." पुढं व्हा. भिकाऱ्याला म्हणतात ते. चार घरांनी मान डोलावली. आमच्या आईने त्यांना चहाही विचारला नाही.

त्या शुक्रवारी मी फाटकात उभी होते. अंबक्का पहिल्या दारात गेली. "अंबाबाईचा जोगवा." आतून आवाज आला, पुढं व्हा. ती जराशी थांबली, आवाज कमिटीचा की खरा हे ठरवत. मग दुसऱ्या दारात, तिसऱ्या दारात. चौथ्या दारातल्या बाई, ज्यांनी वर्षानुवर्षं हिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. शेवटी ती आमच्याकडे आली. आईने हळदकुंकू लावलं, पीठ घातलं, वाकली. अंबक्का परडीतलं पीठ बघत राहिली, ते तिने परत आईच्या वाडग्यात घातलं, आणि म्हणाली, "एका घरचं कसं चालंल?"

त्या दिवशी भाकरी झाली नाही, नैवेद्य झाला नाही, ताटच मांडलं नाही तर गोळी कुठली? मंगळवारी तेच. मग देवीला उपाशी ठेवून न्हायचं कशाला, म्हणून न्हाणं गेलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच, एकाने दुसरं ओढलं. महिनाभरात ती केस पिंजारून अंगणात कमिटीशी भांडत बसायला लागली, आणि मग माणिकराव तोंड पाडून सगळ्यांना सांगायला लागले, आता घरी ठेवणं अशक्य आहे. एक दिवस टॅक्सी आली. बोम्मसंद्राच्या पलीकडे कुठलासा आश्रम होता, तिथे तिला ठेवलं. देवी कोनाड्यातच राहिली.

आईला पत्ता काढायला वेळ लागला. माणिकराव सांगत नव्हते, टॅक्सीवाल्याने सांगितला. रविवारी आम्ही दोघी दोन बसेस बदलून गेलो. कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या छपराची लांब खोली, त्यात एका चटईवर अंबक्का. केस कापलेले, कुंकू नाही. आईला बघून तिने विचारलं, "तिला कोण न्हाऊ घालतंय?"

तिथल्या व्यवस्थापकाने आईला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

आई म्हणाली, "मी तिचं घर. पाचातलं एक."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. पण भाऊ ठेवून गेल्यापासून फिरकला नव्हता आणि बाई धड जेवत नव्हती; न्यायला कोणीतरी आलं याचंच त्याला बरं वाटलं असावं. तिथून आम्ही तिला थेट म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. काही आठवडे हॉस्पिटलात राहून ती आमच्या घरामागच्या रिकाम्या खोलीत आली. त्याआधी आईने भर शुक्रवारी माणिकरावांच्या फाटकात उभं राहून हाक मारली, "अक्काची देवी द्या." तीन हाकांत गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. टाक फडक्यात गुंडाळून बाहेर आला.

पण पाच घरं? तो पेच अंबक्काच्याच नियमाने सुटला. तिने पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, चूल वेगळी तर घर वेगळं. आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू होते. नागपूरचं एक जोडपं, ते एक घर. पुण्याची दोन मुलं कंप्युटरवाली, त्यांच्या दोन खोल्या पण स्टोव्ह एकच. आईने दुसऱ्याला दुसरा स्टोव्ह घ्यायला लावला. तो म्हणाला, "काकू, पण मी कुकिंग करतच नाही." आई म्हणाली, "चहा कर. पण स्वतःच्या चुलीवर कर." आम्ही चौथे. पाचवी फुलं विकणारी गौरम्मा, आमच्या फाटकाशेजारच्या खोलीत राहायची. तिला मराठी येत नाही, चालेल का, मी विचारलं. अंबक्का म्हणाली, "देवीला कन्नडा येतंय."

त्या पुण्याच्या पोराकडे पीठ नसायचं. पहिल्या शुक्रवारी त्याने परडीत ब्रेडचे दोन तुकडे ठेवले आणि वाकून नमस्कार करताना चष्मा पाडला. अंबक्काने ब्रेडचा चुरा करून भाकरीच्या पिठात मळला. ताट मांडलं. गोळी मिठाशेजारी बसली. हळूहळू केस वाढले, कुंकू पूर्वीएवढं झालं, आणि ती भिंतीपलीकडे बघून पुन्हा म्हणायला लागली, "ती बघती."

भिंतीपलीकडे लग्नाची गडबड होती. लग्नाआधी देवीचा गोंधळ घालतात. माणिकरावांनी बेळगावाकडून त्यांच्या घराण्याचे जुने गोंधळी बोलावले. पुण्याची माणसं आली होती, शेजारी म्हणून आम्हालाही बोलावणं होतं. उन्हं उतरली होती, चौक मांडून झाला होता. म्हाताऱ्या गोंधळ्याने संबळ खाली ठेवून विचारलं, "नैवेद्याचं पीठ?"

माणिकरावांच्या बायकोने, वैनींनी, डब्याकडे बोट केलं. त्यांच्या माहेरी ही रीत नव्हती आणि माणिकरावांनी आयुष्यात कधी स्वयंपाकघरात डोकावलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात गोंधळाचा नैवेद्य जोगव्याच्या पिठाचा, आणि त्यातली पहिली मूठ घरच्या थोरल्या लेकीच्या हातची. यजमानाने परडी घेऊन ती स्वतः मागायची. माणिकरावांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी अंबक्कापुढे परडी धरली होती. हे माणिकराव विसरले. मी मात्र गोंधळाच्या त्या दिवसापासून ते विसरलेले नाही.

"पहिली मूठ लेकीची," गोंधळी म्हणाला. "अंबक्का कुठायत?"

माणिकराव पुटपुटले, "ती आता नाही."

"नाही कसं? सकाळी शेजारच्या फाटकाशी भेटल्या की. परडी होती हातात. मी पाया पडलो."

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आम्हाला तर त्या वारल्या म्हणून सांगितलं होतं."

मी हातात पानसुपारीचं तबक घेऊन उभी होते. इतकं सुख मला कुठल्याच लग्नात झालेलं नाही. गोंधळ्याने संबळाला हात लावायला नकार दिला. शेवटी रेशमी धोतर, जरीचं उपरणं आणि हातात परडी अशा थाटात माणिकराव आमच्या अंगणात आले. मागे गोंधळी. भिंतीपाशी पुण्याची माणसं.

अंबक्का खोलीच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. "अक्का, मूठभर पीठ दे," ते म्हणाले.

"असं कोण मागतं?"

ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "अंबाबाईचा जोगवा."

"कमिटी बडबडती आहे. ऐकू येईना. मोठ्यानं."

ते मोठ्याने म्हणाले. गल्लीपर्यंत ऐकू गेलं. अंबक्का उठली, पुढे आली, त्यांच्या रिकाम्या परडीत तिने नीट डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पुढं व्हा."

आजारी माणसाला सूडबिड काय कळतो, असं म्हणणाऱ्यांनी तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता. तिला सगळं कळत होतं. कुठल्या दारातून कुठल्या आवाजात ते दोन शब्द आले होते, ते तिच्याजवळ जसेच्या तसे होते.

"अक्का, रेखाचं लग्न आहे," माणिकराव म्हणाले. मला त्यांची दया आली नाही.

रेखाचं नाव ऐकून मात्र ती थांबली. मग म्हणाली, "रेखाला देईन. पण दर शुक्रवारी मी तुझ्या दारात येणार. तू घालायचंस. वैनी बेडा, कामवाली बेडा. तू. आणि वाकायचं."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. विहीणबाई बघत होत्या. "सरी, अक्का. वाकेन."

तिने मूठ भरली. हात थरथरत होता, अर्धं पीठ परडीत पडलं, अर्धं रेशमी धोतरावर. ते झटकायची त्यांची हिंमत झाली नाही.

रेखाचं लग्न छान झालं. पुढच्या शुक्रवारी अंबक्काने ब्रेडवाल्या पोराला रजा दिली, तो खरंच हिरमुसला, आणि पाचवं घर म्हणून ती माणिकरावांच्या फाटकात जाऊन उभी राहिली. पहिल्यांदा ते बाहेरगावी गेल्याचा निरोप आला. ती फाटकातच खाली बसली. येणारेजाणारे थांबून विचारायला लागले, अक्का, काय झालं? मग बाहेरगावाहून माणिकराव ऑफिसच्या कपड्यांत आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यानंतर त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नाही. ती फाटकात असेतोवर त्यांना ते चुकवणं शक्यच नव्हतं. जन्मभर सांभाळलं म्हणतात ते हेच असेल, तर हो, सांभाळलं.

माझी बदली झाली. बंगळूर सोडण्यापूर्वीचा तो शेवटचा शुक्रवार होता. सामान टेम्पोत चढत होतं. अंबक्का परडी घेऊन त्यांच्या फाटकात उभी होती, केस आता पांढरे, लुगडं तसंच स्वच्छ. माणिकराव काठी टेकत आले. त्यांचे गुडघे गेले होते. त्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, पीठ घातलं आणि काठीवर भार देऊन जेवढं जमलं तेवढं वाकले.

अंबक्का हलली नाही.

"अजून स्वल्प, माणिक," ती म्हणाली. "ती बघती."

ते अजून वाकले.